मुंग्यांचा कौल

"ही पण तिकडेच गेली," मी म्हणाले.

श्रीलेखा चेचीने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. प्लास्टिकच्या नळीत सोडलेली तांबडी मुंगी फाट्यापाशी थबकली होती, तिने मिशा हलवल्या होत्या आणि नको त्या बाजूला खुशाल चालू लागली होती. तिच्या आधीची बरोबर गेली होती, तिच्याही आधीची चुकीची. दोन आठवडे हेच चाललं होतं. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे.

"हात थरथरतोय तुझा," चेची म्हणाली. "सोडताना मुंगीला धक्का बसतो. घाबरली की ती कुठेही पळते."

"नाही गं थरथरत."

"मग श्वास सोडत असशील तिच्यावर."

मी श्वास धरून पुढची मुंगी सोडली. तीही तिकडेच गेली. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "लालरेमाचा हात," आणि दोघं-तिघं हसले.

या गोष्टीला आता बारा वर्षं होऊन गेली. परभणीच्या कॉलेजात मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने संशोधनाचं काम शिकायला बंगळूरच्या एका संस्थेत माझी निवड झाली होती. आमच्या कॉलेजातून असं कुणी गेलेलं नव्हतं. प्राचार्यांनी शाल-नारळ दिला. गावी, जिंतूरला, तर एसटी स्टँडवर माझा फ्लेक्स लागला: 'भावी शास्त्रज्ञ कु. दैवशाला गव्हाणे'. मधे मी आणि माझ्याभोवती गोल चौकटींत डझनभर शुभेच्छुक. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हते.

एवढा गाजावाजा करून पाठवलेली मी हेब्बार सरांच्या प्रयोगशाळेत येऊन मुंग्या धरत होते, आणि त्याही मला जमत नव्हत्या.

हेब्बार सरांची एक रीत होती. नव्या माणसाने आल्या आल्या स्वतःचं काही करायचं नाही. आधी तिथल्याच कुणाचा तरी पूर्ण झालेला प्रयोग आपल्या हाताने पुन्हा करून दाखवायचा. उत्तर तेच आलं, तर स्वतःचा विषय मिळायचा. नाही आलं, तर उरलेले दिवस मुंग्यांचे डबे धुवायचे आणि जाताना 'हजर होती' एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. आदल्या वर्षी मिझोरामहून लालरेमा नावाचा मुलगा आला होता, त्याचं असंच झालं. तो गेला, पण नाव ठेवून गेला. कुणाच्या हातून काही सांडलं की अजून सगळे 'लालरेमाचा हात' म्हणून हसायचे.

मला पुन्हा करायचा होता तो प्रयोग चेचीचा, लालरेमाला दिला होता तोच. चेची म्हणजे मल्याळममध्ये थोरली बहीण. श्रीलेखा पालक्काडची, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला. पहिल्याच दिवशी मी हिंदीत 'आप' म्हणाले तर म्हणाली, "मला आप-बीप म्हणू नकोस, चेची म्हण." ती मला 'मोळे' म्हणायची, म्हणजे मुली. सर कन्नड, ती मल्याळी, मी मराठी. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत चालायचं. ते मी इथे मराठीतच सांगते.

चेचीचा प्रयोग ऐकायला सोपा होता. मुंग्यांच्या डब्यात कागदाची एक पट्टी रात्रभर ठेवायची, म्हणजे तिला त्या घरचा वास लागतो. सकाळी ती काढून फाटा असलेल्या नळीच्या एका तोंडाशी ठेवायची. दुसऱ्या तोंडाशी कोरी पट्टी. मधून एक मुंगी सोडायची आणि ती कुठे वळते ते बघायचं. चेचीच्या हातून सोडलेल्या मुंग्या जवळजवळ सगळ्या घरच्या पट्टीकडे जायच्या. हरवलेली मुंगी वासावरून घर शोधते, असा तिचा शोधनिबंध होता. तो एका चांगल्या मासिकाने स्वीकारला होता आणि त्याच्या जोरावर तिचं जर्मनीला जाणं ठरलं होतं.

तिने मला एकेक गोष्ट हाताला धरून शिकवली. घरची पट्टी डब्याच्या तळाला थापलेल्या ओल्या प्लास्टरला चिकटून बसते, चिमट्याने ओढली की फाटते, म्हणून ती बोटांनीच अलगद सोडवायची. कोरी पट्टी पाकिटातून चिमट्याने काढायची. कामाला बसताना तिचा एक ठरलेला क्रम होता: हात साबणाने धुवायचे, पुसायचे, गुडघ्यापर्यंत पोचणारी वेणी मागे टाकायची आणि बसायचं. त्या वेणीला ती रोज सकाळी खोबरेल तेल चोपडायची, अम्माने पानं घालून कढवलेलं. लाईट गेली तर हिच्या वेणीला वात लावू, असं सगळे चिडवायचे.

नुसता प्रयोगच नाही, ते शहरही मला तिनेच शिकवलं. खोली तिने शोधून दिली. बसमध्ये जागा हवी असेल तर 'स्वल्प अडजस्ट माडि' म्हणायचं, हे तिनेच पाठ करून घेतलं. तिन्ही त्रिकाळ सांबार खाऊन माझी जीभ विटली, तेव्हा कुठून तरी शेंगदाणे आणून माझ्यासाठी चटणी कुटणारीही तीच.

रविवारी घरून फोन आला. आप्पा एसटी डेपोत मेकॅनिक होते, त्यांना फोनवर ओरडूनच बोलायची सवय.

"मुंग्याच बघायलीस का अजून?"

"हो आप्पा."

"दोन आठवडे झाले की! आपल्या न्हाणीत काय कमी हायत्या का? इथंच बघितल्या असत्या."

"त्या वेगळ्या, आप्पा."

"बरं बरं. तुझा फ्लेक्स हाय स्टँडवर अजून. पावसाच्या आत उतरवायचा न्हाई म्हणून सांगून ठेवलंय मी."

मग आईने फोन घेतला. "तेल लावायलीस ना डोक्याला? उष्ण हाय तुझं डोकं."

"लावते," मी म्हणाले. लावत नव्हते. खोलीतल्या दोघी मुली पहिल्याच दिवशी माझ्या चप्प बसवलेल्या केसांकडे बघून एकमेकींकडे बघू लागल्या होत्या. त्या दिवसापासून मी एक दिवसाआड शॅम्पू करत होते आणि केस मोकळे सोडून हिंडत होते. शहरात आले होते ना!

फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं. आता डबे धुवायचे आणि 'हजर होती' घेऊन त्या फ्लेक्सखाली उतरायचं. मी तशीच चेचीच्या खोलीवर गेले. तिने मला पुढ्यात बसवलं, तेलाचा डबा काढला आणि माझ्या डोक्यावर ओंजळभर तेल ओतलं.

"केसांचं काय गवत केलंयस गं हे?" ती म्हणाली.

"सगळ्या मुली असेच ठेवतात."

"ठेवू देत. तू गप्प बस."

कानशिलांपासून मानेपर्यंत तिने असं काही चोळलं की माझे डोळे मिटायला लागले. मग घट्ट वेणी घातली. बंगळूरला आल्यापासून मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

सोमवारी मी हात धुतले, पुसले, चेचीसारखीच वेणी मागे टाकली आणि बसले. पहिली मुंगी घरच्या पट्टीकडे गेली. दुसरी गेली, तिसरी गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एखाददुसरी सोडली तर सगळ्या तिकडेच. मी "चेची!" म्हणून अशी ओरडले की सर खोलीतून बाहेर आले. त्यांनी उभ्याउभ्या पाच-सहा मुंग्या पाहिल्या आणि म्हणाले, "छान. शुक्रवारच्या बैठकीत मांड. मग तुझा विषय ठरवू." चेचीने कँटीनमध्ये सगळ्यांना केसरीबात, म्हणजे तिकडचा गोड शिरा, खाऊ घातला. मला डबल.

मंगळवारी सकाळी मला जाग आली ती मानेला काहीतरी चावल्याने. उशीवर मुंग्या होत्या. भिंतीवरून एक रांग कॉटवर चढली होती आणि उशीच्या अभ्र्यावर जिथे माझ्या वेणीच्या तेलाचा डाग पडला होता, बरोबर तिथे जमली होती. आधी मी उशी झटकली. मग तशीच हातात धरून बसून राहिले.

मला जे सुचलं ते मला आवडलं नाही. पण एकदा सुचल्यावर ते जाईना. मी डोक्यावरून अंघोळ केली, केस शॅम्पूने दोनदा धुतले, ओढणीत बांधले आणि कुणी यायच्या आत प्रयोगशाळा गाठली. घरची पट्टी काढली, मुंग्या सोडल्या. पुन्हा अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. मग मी वेगळंच केलं. दोन्ही बाजूंना कोऱ्या पट्ट्या ठेवल्या आणि त्यातल्या एकीला खोबरेल तेलाचं बोट लावलं. मुंग्यांनी जराही विचार केला नाही, सरळ तेलाकडे गेल्या. त्यांना घर-बिर काही नको होतं, तेल हवं होतं.

म्हणजे धुतलेल्या हाताने चेची वेणी मागे टाकायची, तेल बोटांना लागायचं, बोटांवरून फक्त घरच्या पट्टीला लागायचं. कोऱ्या पट्टीला चिमटा. तीन वर्षं.

चेची आल्यावर मी तिला सगळं करून दाखवलं. ती हाताची घडी घालून बघत राहिली.

"साखर ठेवलीस तरी जातील," ती म्हणाली. "त्याने काय सिद्ध होतं?"

"तेल नसलेल्या हाताने घरची पट्टी काढली की नाही जात, चेची."

"तुझ्या हाताने काढली की नाही जात. माझ्या हाताने काढली की जातात."

"तुझ्या हाताला तेल–"

"दैवशाला." तिने मला कधी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. "काल तुझं काम झालं. सरांनी पाहिलं. आता तुझा विषय घे आणि माझं सोड. महिन्याभरात माझा पेपर छापून येतोय. अम्माने गावभर सांगितलंय मुलगी जर्मनीला चालली म्हणून. तीन वर्षं मी यात घातलीत, आणि मुंगी धरायला कालपरवा शिकलेली पोरगी मला माझ्या वेणीवरून शिकवणार?"

ती निघून गेली. त्या दिवशी ती जेवायला माझ्याबरोबर बसली नाही. बुधवारी, गुरुवारी तर ती मला दिसेचना. संध्याकाळी उशिरापर्यंत तिच्या टेबलापाशी दिवा असतो असं कुणीतरी म्हणालं, पण मी तिकडे फिरकले नाही. मला तिची भीती वाटत होती आणि तिच्यावाचून करमतही नव्हतं. त्या शहरात मला हक्काचं माणूस एकच होतं आणि तेच मी दुखावून बसले होते.

गप्प बसणं किती सोपं होतं! सोमवारचे आकडे मांडायचे, टाळ्या घ्यायच्या, विषय घ्यायचा. मी खोटं असं काहीच बोलले नसते. सोमवारी मुंग्या गेल्याच होत्या घरच्या पट्टीकडे. पण प्रयोगशाळेच्या भिंतीवर आदल्या वर्षीचा सगळ्यांचा फोटो होता. त्यात कडेला लालरेमा उभा होता, बारीक कापलेले केस, लाजरं हसू. दोन दिवस मी येता-जाता त्याच्याकडे बघत होते. त्याच्या हातात काहीसुद्धा खोट नव्हती. डोक्याला तेल लावून वेणी घालत नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. आणि पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या मुलाचंही तेच होणार होतं.

शुक्रवारी जेवणानंतर सगळे मोठ्या टेबलाभोवती बसले. चेची सर्वांत शेवटी आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. तिचे केस मोकळे होते, कोरडे, चारी बाजूंनी फुललेले. तिला असं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आजारी आहे.

"हं, दैवशाला," सर म्हणाले.

मी उभी राहिले. सोमवारचं सांगितलं. सगळे माना डोलावत होते. मग मी म्हणाले, "पण सर, सोमवारी माझ्या केसांना तेल होतं." कुणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबले नाही. उशी, मंगळवारची सकाळ, धुतलेले केस, तेलाचं बोट लावलेली कोरी पट्टी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "माझ्या मते गेल्या वर्षी लालरेमाचा प्रयोग चुकला नव्हता. त्याचं उत्तर बरोबर होतं."

आता कुणी हसत नव्हतं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू काय म्हणते आहेस हे तुला समजतंय ना?" त्यांनी विचारलं. "श्रीलेखाचा पेपर स्वीकारला गेलाय. तिचं पुढचं सगळं त्यावर ठरलंय."

"हो सर."

"आणि एका सकाळच्या कामावर, एका शिकाऊ मुलीच्या हातावर विसंबून मी तो पाडायचा?"

मी वही उघडून मंगळवारचे आकडे शोधू लागले. तेवढ्यात दाराजवळची खुर्ची सरकली.

"एका हातावर नाही, सर," चेची म्हणाली. "दोघींच्या."

ती उभी राहून बोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "बुधवारी सकाळी मी केस धुतले. आयुष्यात पहिल्यांदा शॅम्पू विकत घेतला. दोन दिवस माझाच प्रयोग मी पुन्हा केला. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. हिला जे दिसलं तेच मला दिसलं. आणि हिने हे मला मंगळवारीच सांगितलं होतं, सर. मी हिला हाकलून दिलं."

मग सरांनी विचारलं, "पेपर?"

"मागे घ्यायचा. मासिकाला लिहून ठेवलंय, तुम्ही एकदा वाचा आणि पाठवू."

"जर्मनी?"

"विचारते त्यांना, थांबता का म्हणून."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहत चेचीला विचारलं, "आता आपल्या रीतीचं काय करायचं? हिच्या हातून तुझा प्रयोग काही पुन्हा आला नाही."

"आधी लालरेमाला फोन करायचा," चेची म्हणाली. "तो मी करीन. मग हिला विषय द्यायचा."

पुढचं थोडक्यात सांगते. जर्मनीचे लोक थांबले, पण पूर्ण एक वर्ष. त्या वर्षात चेचीने चिमट्याने आणि रबरी हातमोजे घालून सगळं नव्याने केलं. वेगळंच उत्तर आलं, वेगळा पेपर झाला. मला विषय मिळाला आणि जाताना मिळालेल्या प्रमाणपत्रावर 'हजर होती'पेक्षा बरंच काही होतं. आप्पांनी ते लॅमिनेट करून घेतलं. पण मला सांगायचंय ते त्याच शुक्रवारच्या संध्याकाळचं.

सहाच्या सुमाराला चेची माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "चल मोळे, चहा." एवढंच. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण मी मुकाट्याने चालू लागले. कँटीनबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. तिचे केस वाऱ्याने सारखे तोंडावर येत होते आणि ती वैतागून मागे सारत होती. चहा अर्धा झाल्यावर तिने फोन काढला.

"अम्माला सांगते," ती म्हणाली. "उद्यावर ढकललं तर माझ्याने सांगवणार नाही."

ती मल्याळममध्ये बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता. आधी ती पुष्कळ बोलली. मग बोटाने कट्ट्यावरची धूळ सारत बसली. मग पलीकडून एक लांबलचक प्रश्न आला. त्यात मला माझं नाव ऐकू आलं, तेही मोडून, 'देवशाला' असं. चेचीने माझ्याकडे पाहिलं, उत्तर दिलं, आणि फोनमधून अम्मा मोठ्याने हसली. मागोमाग चेचीही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

"काय म्हणाली अम्मा?" तिने फोन ठेवल्यावर मी घाबरत विचारलं.

"म्हणाली, दोन आठवड्यांत त्या पोरीला कळलं ते तुला तीन वर्षं कसं कळलं नाही?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, अम्मा, तिला शिकवायला मी होते. मला कोण होतं?"